उलटा घेतलेला श्वास

त्या वॉर्डात कोणी कोणाला ‘कसं वाटतंय’ असं विचारत नसे. सकाळी फेरीवर येणारे डॉक्टर, लादी पुसणाऱ्या मावशी, डबा घेऊन आलेले सोयरे, सगळे खाटेपाशी थांबून एकच विचारत, “वारा सरला का?” आतडं अडलेली, पोट उघडून शिवलेली ही माणसं. जन्मभर ज्या गोष्टीची चारचौघांत लाज धरली, तीच इथे मान वर करून सांगायची असे. एखादा “सरला” म्हणाला, की घरात पाळणा हलल्यासारखा आनंद आजूबाजूच्या खाटांवर पसरायचा.

या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरला सगळे मागून ‘हवामान खातं’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. फुगलेल्या पोटावर तळहात ठेवायचा, बोटांनी टकटक करून पाहायचं, स्टेथोस्कोप लावून डोळे मिटायचे आणि सांगायचं, “संध्याकाळपर्यंत सुटेल.” बहुतेक वेळा सुटायचं. “खऱ्या हवामान खात्यापेक्षा तुमचं बरं,” असं धाकटे डॉक्टर म्हणत. यात जादू कसली नव्हती. वर्षानुवर्षं पोटं ऐकली की कानाला वळण लागतं. अडलेलं आतडं आधी भांडतं. काचेच्या पेल्यावर कोणी चमचा वाजवावा तसे बारीक, उंच आवाज काढतं. मग दमतं आणि गप्प होतं. सिस्टर आवाजाला कधी घाबरली नाही. ती घाबरायची गप्प पोटाला.

तिची एक पद्धत होती. कोंडलेला वारा काढायला खालून रबरी नळी घातली, की नळीचं दुसरं टोक ती पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाडग्यात बुडवून ठेवायची. बुडबुडे आले म्हणजे वाट मोकळी. थांबले म्हणजे एक तर पोट रिकामं झालं, नाहीतर नळी कुठे अडली. “माणूस लाजेल, लपवेल,” असं ती नव्या मुलींना सांगायची, “बुडबुडा लपवत नाही.”

खिडकीजवळच्या खाटेवर त्या सकाळी एक म्हातारा आला. अंगाने काटकुळा, आणि पोट मात्र असं ताणलेलं की त्यावर खिडकीचा उजेड चमकत होता. त्याचे गाल सिस्टरच्या लगेच नजरेत भरले. दोन रिकाम्या पिशव्यांसारखे ते जबड्याखाली लोंबत होते. जन्मभर काचेच्या भट्टीवर फुंकणी फुंकल्याने गाल असे सैल पडतात, हे तिला त्याच्या बायकोने सांगितलं. बायको ठेंगणी, नीटनेटकी, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे क्वचितच बघे. तिची नजर त्याच्या पोटावर होती. चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे बाई जशी बघते, तशी.

धाकटे डॉक्टर पोटाचा फोटो उजेडाला धरून आले. “आजोबा, तुमच्या आतड्याला पीळ पडलाय. फुग्याचं तोंड पिळावं ना, तसा. वारा आत कोंडलाय आणि बाहेर यायला वाट नाही.”

“माहीत आहे,” म्हातारा म्हणाला.

“नळी घालू. पीळ सुटेल, वारा निघून जाईल. फारसं दुखत नाही.”

“दुखण्याचं काही नाही. वारा सोडायचा नाही.”

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “आजोबा, इथे लोक वारा सुटावा म्हणून हात जोडून बसलेत.”

“त्यांचा त्यांनी सोडावा,” म्हातारा म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पोटावर ठेवले. दाराची कडी लावावी तसे.

शेजारच्या खाटेवर कोणी तरी हसलं आणि टाके दुखले म्हणून कण्हलं.

बाहेर येऊन डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “हृदय अगदी नाजूक आहे त्यांचं. ऑपरेशनची भूल झेपणार नाही. नळी हा एकच मार्ग. आज दिवसभरात पीळ सुटला नाही तर आतडं काळं पडेल आणि मग आपल्या हातात काही नाही. तुम्हीच बघा, तुमचं खातं आहे.”

सिस्टर खाटेपाशी आली. म्हाताऱ्याने तिला पोटाला हात लावू दिला, पण डोळे तिच्या हातावरून काढले नाहीत. पोट घट्ट होतं, कोमट होतं. तिने स्टेथोस्कोप लावला. आत काचेवर चमचा वाजत होता. टिक. टिक टिक. मग जरा थांबून, पुन्हा टिक.

“ऐकू आली ना?” म्हातारीने विचारलं.

“काय, आजी?”

“गोळी. दातांवर वाजते ती.”

“आतडं अडलं की असाच आवाज येतो, आजी. सगळ्यांच्याच पोटात येतो.”

“हो का,” म्हातारी म्हणाली. लहान मूल काही समजावून सांगत असताना मोठी माणसं जशी मान डोलावतात, तशी तिने मान डोलावली.

मग तीच उठली आणि सिस्टरला पॅसेजमधल्या बाकावर घेऊन गेली. बाहेर ऊन होतं. कपडे धुण्याच्या खोलीतून साबणाचा वास येत होता. म्हातारी सांगू लागली, आणि तिच्या सांगण्याला कसलीही घाई नव्हती.

“भट्टीवर नवीन पोरगा आला की हे त्याला पहिला धडा हाच द्यायचे. फुंकणीला तोंड असताना श्वास आत ओढायचा नाही. तोंड बाजूला करायचं, श्वास घ्यायचा, मग परत फुंकायचं. उलटा श्वास घेतलास की भट्टी छातीत उतरते, म्हणायचे. जन्मात कधी चुकले नाहीत. घरात मला बोलायचे, चुलीपुढे नीट फुंकत जा म्हणून. मी म्हणायची, तुम्ही पेले फुंका, मी भाकऱ्या फुंकते, दोघंही फुंकूनच पोट भरतोय.”

ती जराशी हसली. मग पिशवीचे बंद सारखे करत राहिली.

“आमचं पाखरू चार वर्षांचं होतं. लिंबाची पिवळी गोळी लागायची त्याला. चोखायचा नाही. गालात ठेवायचा आणि जिभेने दातांवर वाजवत घरभर हिंडायचा. टिक टिक. आवाजावरून कळायचं मला, आता अंगणात आहे, आता मोरीत आहे. एका दुपारी आवाज थांबला. मी धावले. गोळी घशात बसलेली. मी पाठीवर मारतेय, ह्यांनी त्याला उचललं, तोंडाला तोंड लावलं आणि ओढलं. सगळा जोर लावून ओढलं. ती छाती काय साधी होती? एका फुंकरीत हंडीएवढा फुगा काढणारी छाती.”

“गोळी निघाली?” सिस्टरने विचारलं.

“गोळी नाही आली,” म्हातारी म्हणाली. “दुसरंच आलं.”

धुण्याच्या खोलीतलं यंत्र थांबलं. पॅसेज एकदम रिकामा वाटला.

“ह्यांना तेव्हाच कळलं. घशातून खाली उतरताना कळलं म्हणतात. तेव्हापासून माझ्या देखत कधी ढेकर दिली नाही बघ. हात ठेवून गिळायचे. मी भांडायची. माझं पोर एकट्याने गिळून बसलात म्हणायची. दिवसा भांडायची आणि हे झोपले की हळूच पोटाला कान लावायची. आवाज यायचा. रोज नाही. कधीमधी. त्यांना माहीत होतं मी कान लावते. झोपेचं सोंग घ्यायचे, हलायचे नाहीत.”

सिस्टरने तिच्या हातावर हात ठेवला. दुःख माणसाच्या अंगात कुठेही जागा धरून बसतं, हे तिने पाहिलं होतं. कोणाच्या गुडघ्यात बसतं, कोणाच्या कपाळात. या घरात ते पोटात बसलं होतं, इतकंच. ती हळू म्हणाली, “आजी, नळी घातली नाही तर ते वाचणार नाहीत. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“माझं कधी ऐकलंय त्यांनी,” म्हातारी म्हणाली, पण उठली.

खाटेपाशी जाऊन तिने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

“अहो.”

“हं.”

“सोडा आता त्याला.”

म्हाताऱ्याने मान फिरवली.

“असेच गेलात तर तुमच्याबरोबर तोही जाईल. मग मी कोणाला कान लावू? भिंतीला?”

म्हाताऱ्याने पोटावरचे हात आणखी घट्ट दाबले. त्याचे सैल गाल थरथरत होते.

“इतकी वर्षं तुम्ही सांभाळलात. मी कधी मागितला नाही. भांडले, पण मागितला नाही. आता सोडा. मी आहे ना इथे.”

शेजारच्या खाटेवरच्या माणसानेही पेपर खाली ठेवला होता. मग म्हाताऱ्याने पोटावरचा एक हात उचलला. थोड्या वेळाने दुसरा.

“हळू घाला,” तो सिस्टरला म्हणाला. “घाबरतो तो.”

पडदे ओढले. म्हाताऱ्याला डाव्या कुशीवर वळवलं. डॉक्टरांनी नळीला वंगण लावलं, हळूहळू आत सरकवली, एका ठिकाणी अडली तिथे थांबले, जरा फिरवली. आणि पीळ सुटला. वारा असा आला की वाडग्यातलं पाणी उसळून डॉक्टरांच्या बुटांवर पडलं. वास सगळ्या वॉर्डात गेला. पडद्यापलीकडून कोणी ओरडलं, “कोणाची लॉटरी लागली रे?” आणि खाटाखाटांवर हसू फुटलं. मावशी खिडक्या उघडत सुटल्या. पोट डोळ्यांदेखत बसू लागलं. सिस्टरने सुटकेचा श्वास टाकला.

म्हातारा मात्र उशीत तोंड खुपसून रडत होता. “गेला,” तो म्हणत होता. “गेला गं.”

“उगी राहा,” म्हातारी म्हणाली. “हा तुमचा आहे. इतका घाण माझ्या पोराचा नसायचा.”

सिस्टरला हसू आलं.

नळी चिकटपट्टीने मांडीला पक्की केली. अशी नळी एक-दोन दिवस ठेवावी लागते, नाहीतर पीळ पुन्हा बसतो. दुपारभर वाडग्यात बुडबुडे येत राहिले. मोठे, मग लहान, मग एखाद-दुसरा. म्हाताऱ्याला डोळा लागला. म्हातारी खुर्ची सोडून खाली, वाडग्याजवळ येऊन बसली. मावशींनी सांगितलं, लादी ओली आहे. तरी उठली नाही.

उन्हं कलती झाली तेव्हा तिने सिस्टरला हाक मारली. “पोरी, पाणी बदलून देशील? स्वच्छ दे.”

पाणी बदलायची वेळ झालीच होती. सिस्टरने वाडगा घासला, चांगलं पाणी भरलं, नळीचं टोक बुडवलं.

“आणि ती खिडकी लाव.”

“वास राहील, आजी.”

“लाव.”

तिने खिडकी लावली. कशाला लावली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. पडद्याआड तिघंच होते. बाहेर भेटीची वेळ संपत आली होती, माणसं निरोप घेत होती, चपला फरफटत होत्या. म्हातारी गुणगुणत होती. तोंड मिटूनच, पण शब्द कळत होते.

हळू चाल रे वाऱ्या, दार नको लोटू
निजलं माझं पाखरू, पाय नको आपटू

वाडग्यात एक बुडबुडा आला.

थांबून दुसरा. तितकंच थांबून तिसरा.

सिस्टर खाली वाकली. पोटातला वारा असा येत नाही. तो धक्क्याने येतो, खोकल्याबरोबर येतो, कूस बदलली की येतो. त्याला ताल नसतो. हे बुडबुडे एकसारखे होते, एवढेएवढेसे, आणि दोन बुडबुड्यांच्या मध्ये नळीतलं पाणी किंचित वर चढत होतं. बाहेर, मग आत. बाहेर, मग आत. सर्दी झालेलं मूल तोंड उघडं टाकून झोपावं, तसा बारीक आवाज नळीतून येत होता.

तिने म्हाताऱ्याच्या छातीकडे पाहिलं. त्याचा श्वास वेगळा चालला होता. संथ, खोल, म्हाताऱ्या माणसाचा.

वास नव्हता. म्हणजे होता, पण तो नव्हता. लिंबाचा होता.

“आला,” म्हातारी म्हणाली.

तिने वाडगा दोन्ही हातांत धरला आणि तोंड पाण्याजवळ नेलं.

“आजी, नको. तोंड नका लावू. घाण असते ती.”

“आई आहे मी त्याची,” म्हातारी म्हणाली. “त्याचं सगळं मीच काढलंय.”

तिने ओठ पाण्याला टेकवले. नळीच्या टोकाशी एक बुडबुडा फुगला. सुटला. वर आला.

तो फुटायच्या आत तिने ओढला.

सिस्टरने पुढे केलेला हात तसाच राहिला. म्हातारीने डोळे मिटले, तोंडावर पदर धरला, आणि कडू औषध पोटात ठरेपर्यंत माणूस जसा बसतो तशी निश्चल बसून राहिली. वाडग्यातलं पाणी थरथरलं आणि स्थिर झालं. त्यानंतर नळीतून काही आलं नाही.

खाटेवर म्हातारा जागा झाला होता. त्याने हात पोटावर फिरवला, एकदा, दोनदा, अंधारात खिसा चाचपावा तसा.

“हलकं वाटतंय,” तो म्हणाला. वारा सुटलेली माणसं हेच शब्द बोलतात, सिस्टरने ते हजारदा ऐकले होते. इतक्या पोरक्या आवाजात कधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. म्हातारा पेज पिऊ लागला, काठी धरून खिडकीपर्यंत जाऊ लागला. धाकटे डॉक्टर खूश होते. “बघा आजोबा, उगाच अडून बसला होतात,” असं ते म्हणाले आणि म्हाताऱ्याने भिडेखातर मान हलवली. दुपारी भेटीच्या वेळी सिस्टरला ती दोघं दिसायची. म्हातारी खाटेच्या काठावर ताठ बसलेली, आणि म्हातारा तिच्याकडे कलून, कान तिच्या पोटाला लावून. तो विचारायचा, “येतो का आवाज?” ती म्हणायची, “श्शू. झोपलाय.” मग तो कान न काढता तसाच पडून राहायचा. वॉर्डातली माणसं ‘म्हातारपणी प्रेम उतू चाललंय’ म्हणून एकमेकांना कोपरखळ्या मारत.

सिस्टरने स्वतःची समजूत घातली. नळीतलं पाणी वरखाली होतं, ते श्वासाच्या दाबाने होतं. लिंबाचा वास मावशींच्या फिनेलला येतो. म्हातारीला समाधान लाभलं, म्हातारा वाचला. आणखी काय हवं?

घरी सोडायच्या दिवशी म्हातारी तिचा निरोप घ्यायला आली. नेहमीचं काठाचं लुगडं, कापडी पिशवी. पण चालणं बदललं होतं. एक हात पोटावर, पाऊल जपून. पदराखाली पोट किंचित वर आलेलं दिसत होतं.

सिस्टरच्या तोंडून सवयीने निघालं, “आजी, वारा सरला का?”

“नाही गं,” म्हातारी म्हणाली. “सरू द्यायचा नाही.”

“पोटात दुखतं का? उलटी होते? बसा इथे. मला बघू दे.”

“बघ की,” म्हातारी हसून म्हणाली आणि स्टुलावर बसली. नव्या नवरीसारखी जरा लाजलीही. दारात म्हातारा काठीवर भार देऊन उभा होता आणि त्याचे डोळे हावरट झाले होते.

सिस्टरने स्टेथोस्कोप कानांत घातला आणि चकती म्हातारीच्या पोटावर ठेवली.

आधी नेहमीचं पोट. गुडगुड, पाणी सरकल्याचा आवाज. निरोगी. मोकळं. कुठे काही अडलेलं नाही.

मग टिक.

टिक टिक.

तिने चकती सरकवली. आवाज सरकला. पुन्हा सरकवली, तर तो चकतीच्या बरोबर खाली येऊन थांबला. लपाछपी खेळणारं मूल पकडलं गेलं की जसं गप्प होतं, तसं सगळं पोट एकाएकी गप्प झालं.

स्टेथोस्कोपच्या चकतीला घट्ट पडदा असतो. त्यातून आवाज येतो, वारा येत नाही. हे ती नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची.

आधी तिच्या डाव्या कानात आणि मग उजव्या कानात, गुपित सांगायला कोणी तोंड जवळ आणावं तशी, कोमट फुंकर आली.